मूठ दोन दिवस खाते

ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून सुरीचं पातं काढायला मला एक दिवस पुरतो. तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला की समजायचं, सुमारे ७७० अंश झाले. आणखी थोडं तापवून तेलात बुडवायचं. मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, नाहीतर काचेसारखं तुटतं. (एक तुटलंय. ओव्हन बायकोचा, त्यामुळे परवानगी लागते.)

मूठ मात्र दोन दिवस खाते. शिसवीच्या दोन फळ्या, पितळी रिव्हेट, कानस, पॉलिश पेपर, शेवटी जवसाचं तेल. पहिली सुरी मावशीला दिली, तर लाल भोपळा चिरताना तिच्या करंगळीखाली फोड आला. तेव्हापासून मागची बाजू फुगीर ठेवतो.

बाजारात गिऱ्हाईक आधी अंगठ्याने धार बघतं. मी म्हणतो, दादा, मूठ धरून बघा. ‘९०० रुपये? दीडशेला मिळते की!’ मिळते खरी.