बदलीला कोण येणार?

२०२५ च्या गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी ताईकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेलो होतो. आरत्या झाल्या, जेवणं झाली, बाहेर पाऊस धो धो, आणि भावोजी गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीपाशी बसून मोबाईलवर युक्रेनची बातमी बघत होते. सरकारने १८ ते २२ वयाच्या मुलांना देशाबाहेर जायला परवानगी दिली अशी ती बातमी होती. मी म्हटलं, भावोजी, हे उलटंच की, सैन्यात माणसं कमी पडतायत आणि हे तरण्या पोरांना बाहेर सोडतात? भावोजी तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेत, सगळी नोकरी बोफोर्सवर काढली. ते म्हणाले, "उलटं नाही रे, त्यांच्याकडे पोरंच कमी आहेत."

मग मीही तिथंच मोबाईलवर वाचत बसलो तर खरंच तसं आहे. १९९० मध्ये युक्रेनमध्ये साडेसहा लाखांवर मुलं जन्मली होती, मग सोव्हिएत युनियन मोडलं, पगार बंद, कारखाने बंद, लोकांनी मुलं होऊ देणंच कमी केलं, आणि २००१ मध्ये हा आकडा पावणेचार लाखांवर आला. म्हणजे रशिया २४ फेब्रुवारी २०२२ ला आत घुसला तेव्हा ही पोरं जेमतेम विशीत होती आणि त्यातलीही कितीतरी नंतर निर्वासित म्हणून बाहेर गेली. म्हणून तिथं सक्तीच्या भरतीचं वय सुरुवातीला २७ होतं, एप्रिल २०२४ मध्ये ते २५ केलं, आणि अमेरिका १८ करा म्हणून मागे लागली तरी त्यांनी केलं नाही, कारण हीच पोरं गेली तर उद्या देशात लग्नं कोण करणार, शेतं कोण कसणार. त्यामुळे खंदकात बसलेला युक्रेनियन शिपाई बहुतेक वेळा चाळिशीचा असतो. आपल्याकडे त्या वयात जवान पेन्शन घेऊन घरी आलेला असतो, भावोजी तर आले तेव्हा त्यांचे केसही पांढरे नव्हते.

आणि समोर १४ कोटींचा देश. रशियाने कंत्राटावर येणाऱ्याला भरमसाट पैसे दिले, तुरुंगातले कैदी आणले, आपल्या कुर्स्क प्रांतात तर उत्तर कोरियाचे सैनिकसुद्धा उतरवले. युक्रेनकडे एवढ्या प्रमाणावर हे मार्ग नाहीत.

पण भावोजींचं लक्ष माणसांपेक्षा तोफांवर होतं आणि त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या चॅनेलवर ऐकायला मिळालं नव्हतं. युक्रेनच्या जुन्या तोफा सोव्हिएत, १५२ मिलिमीटरच्या, आणि पश्चिमेकडून आल्या त्या १५५ च्या. तीन मिलिमीटरचाच फरक, पण एकीचा गोळा दुसरीत चालत नाही. जुन्या तोफांचे गोळे संपत आले आणि नवीन बनवणारे मोठे कारखाने रशियात. नव्या तोफा आल्या पण प्रत्येक देशाची वेगळी, जर्मनीची वेगळी, फ्रान्सची वेगळी, अमेरिकेची वेगळी, प्रत्येकीचे स्पेअर वेगळे, मॅन्युअल वेगळं, ट्रेनिंग वेगळं. "बॅरल काय जन्मभर टिकत नाही," भावोजी म्हणाले, "काही हजार राऊंड मारले की झिजतं, मग गोळा भलतीकडे जातो. बदलायला वर्कशॉप लागतं." आणि ते वर्कशॉप कुठे, तर काही तोफांसाठी थेट लिथुआनियात, रणगाड्यांसाठी पोलंडमध्ये. म्हणजे आघाडीवर बिघडलेली तोफ देश ओलांडून जाणार, दुरुस्त होऊन परत येणार, तोपर्यंत तिच्यावरची माणसं काय करणार?

गोळ्यांचं तर विचारूच नका. युरोपने मार्च २०२४ पर्यंत १० लाख गोळे देऊ म्हणून शब्द दिला होता, मुदत आली तेव्हा निम्मेच पोचले होते. अमेरिकेची ६१ अब्ज डॉलरची मदत तिथल्या संसदेत कित्येक महिने अडकून पडली आणि एप्रिल २०२४ मध्ये सुटली, आणि त्याच मधल्या काळात, फेब्रुवारीत, पूर्वेकडचं आव्दीव्का शहर युक्रेनच्या हातचं गेलं. गोळे मोजून मारावे लागले की पायदळाला आडोसा राहत नाही. मला याचा खूप राग येतो, उगाच लपवत नाही. देणार नसाल तर नाही म्हणा, पण शब्द देऊन उशीर करणं म्हणजे त्या खंदकातल्या माणसाच्या जिवावर उशीर करणं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या गोव्याशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये जुलै २०२४ मध्ये 'त्रिपुट' ही युद्धनौका पाण्यात उतरवली, डिझाइन रशियन, पण तिला लागणारी गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनच्या मिकोलाइव शहरातल्या कारखान्याची. त्याच मिकोलाइववर २०२२ मध्ये महिनोन्‌महिने मारा चालला होता. एवढी मोठी इंजिनं बनवणारा देश आहे तो, कारागिरांची कमी नाही. म्हणूनच त्यांनी स्वतःची १५५ ची बोहदाना तोफ बनवली, आणि गोळे नव्हते तेव्हा छोटे एफपीव्ही ड्रोन, म्हणजे त्यांच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवायचे, हजारोंनी, मग लाखोंनी बनवायला घेतले.

पण ड्रोनने माणसांचा प्रश्न सुटला नाही, एका अर्थी वाढलाच. दोन्हीकडे ड्रोन झाल्यामुळे आघाडीपासून दहा-पंधरा किलोमीटरचा पट्टा असा झालाय की गाडी दिसली की संपली. मग पोस्टवरच्या दोन-तीन माणसांची बदली करायला कोणी जाऊच शकत नाही. पाणी आणि खाणं मोठ्या ड्रोनने वरून टाकतात, जखमी झाला तर रात्रीची वाट बघायची, शंभर दिवसांवर एकाच खड्ड्यात काढलेल्यांच्या बातम्या मी वाचल्यात.

आपण मराठी माणसं लगेच म्हणतो, गनिमी कावा करायचा. मीही आधी तसंच म्हणायचो. पण गनिमी काव्यात जमीन सोडून मागे जाता येतं, सह्याद्री असतो, आणि इथे सपाट शेतं, आणि सोडलेल्या गावात मागे राहिलेल्यांचं काय होतं ते कीवजवळच्या बुचा गावात दिसलंय, तिथं रशियन सैन्याने शेकडो नागरिक मारले. मला त्यापेक्षा फोंड्याचा किल्ला आठवतो. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय तोफा घेऊन चालून आला, तटाला भगदाड पडलं, आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी थोड्या माणसांनिशी लढत राहिले आणि संभाजीराजे स्वतः मदत घेऊन वेळेत पोचले. त्या किल्ल्याजवळच्या फर्मागुडीवरून जाताना मला नेहमी हे वाटतं, की शौर्य होतंच, पण मदत वेळेत पोचली हेही तेवढंच मोठं होतं.

मी भावोजींना विचारलं, तुम्हाला पोस्टवर सगळ्यात जास्त कशाचा आधार वाटायचा. मला वाटलं तोफेचं नाव घेतील. ते म्हणाले, "तारखेचा. अमुक तारखेला रिलीफ येणार, मग छुट्टी." युक्रेनच्या बहुतेक शिपायांना ही तारीखच नाही. २०२४ च्या भरतीच्या कायद्यात ३६ महिन्यांनी घरी सोडायचं कलम होतं, ते मंजुरीच्या आधी काढून टाकलं, वेगळा कायदा आणू म्हणाले आणि त्या चवथीपर्यंत तरी तो आलेला नव्हता. सेनापतींचंही म्हणणं समजतं, जुने सोडले तर त्यांच्या जागी बसणार कोण. पण कितीतरी जण न सांगता निघून जातात त्यामागे हेच आहे, फ्रान्समध्ये ट्रेनिंग घेतलेल्या एका ब्रिगेडमधून तर लढाईच्या आधीच शेकडो माणसं गेली. त्यांना भ्याड म्हणणं मला जमत नाही.

२०२३ पासून त्या शिपायांच्या बायका कीवच्या चौकात फलक घेऊन उभ्या राहतात, आमच्या माणसांना निदान तारीख तरी द्या म्हणून. हे मी वाचून दाखवत होतो तेव्हा ताई आतून करंज्यांचा डबा घेऊन आली होती, ती तशीच दारात थांबली. भावोजी सीमेवर असताना ती कालनिर्णयवर त्यांच्या सुट्टीच्या तारखेला गोल करून ठेवायची, ते कॅलेंडर आम्ही लहानपणी देवघराशेजारी बघितलंय. "आणि तारीखच नसती तर मी काय केलं असतं?" एवढंच ती म्हणाली. भावोजींनी मोबाईल बंद करून ठेवला.