चौथा महिना: आधी कोपरे बघायचे

दिवाळीत सेकंडहँड कॅमेरा घेतला, तेव्हापासून चार हजारांवर फोटो काढून झाले. त्यातले मला स्वतःला पटलेले अकरा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिते, कारण तो दर महिन्याला बदलतो आणि दरवेळी वाढतोच असं नाही. जानेवारीत चौदा होते, त्यातले तीन मीच नंतर काढून टाकले. ते तीन गेल्याचा आनंद जास्त आहे, कारण महिन्याभरापूर्वी मला त्यातली चूक दिसतच नव्हती.

सामान तेच: क्रॉप सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर लहान असलेला, साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची लेन्स आणि डिसेंबरात घेतलेली ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). नवीन काही घ्यायचं मनात नाही.

या महिन्यात सगळ्यात मोठा फरक पडला तो फोटो बघण्याच्या पद्धतीत. इंदूरला आमच्या रामबागेत शेजारी एक काका राहतात, त्यांनी तरुणपणी रोलवर भरपूर फोटोग्राफी केली आहे. मी संध्याकाळी काढलेले फोटो रात्रीच त्यांना दाखवायला गेले, तर म्हणाले, "आत्ता नको. आठवड्याने ये. आत्ता तू फोटो बघत नाहीयेस, संध्याकाळ बघतेयस." त्यांच्या वेळी ३६ फोटोंचा रोल संपायलाच दोन-तीन आठवडे लागायचे, मग धुवायला द्यायचा, मग प्रिंट. तोवर त्या जागेचा वास, गलका, थंडी सगळं डोक्यातून उतरलेलं असायचं आणि हातात फक्त कागद उरायचा. आम्हाला मात्र काढल्याक्षणी मागच्या स्क्रीनवर दिसतं आणि आठवण फोटोत नसलेलं सगळं भरून काढते. म्हणून आता नियम केलाय: कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायचं, फोल्डरला तारीख घालायची आणि आठ दिवस उघडायचं नाही. मग निवडक दहा-बाराच्या ४ बाय ६ प्रिंट काढून आणायच्या.

प्रिंट हातात आल्यावर काकांची दुसरी गोष्ट. "कोपरे बघ आधी. मधे काय आहे ते तुला माहीतच आहे." म्हणून मी चारही कडांवरून बोट फिरवते आणि बोट कशाकशाला अडखळतं ते लिहिते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा (होळकरांच्या दगडी स्मारकांचा) एक फोटो मला फार आवडायचा. बोट फिरवलं तर वर डावीकडे विजेची तार, खाली कुणाच्या तरी मोटारसायकलचा अर्धा आरसा आणि उजव्या कोपऱ्यात पांढरीशुभ्र प्लास्टिकची पिशवी, छत्रीच्या दगडापेक्षा कितीतरी उजळ. फोटो काढताना यातलं एकही मला दिसलं नव्हतं. पुढच्या रविवारी परत गेले, दोन पावलं डावीकडे सरकून खाली बसले, तर तार आणि आरसा दोन्ही गेले. पिशवी उचलून कचरापेटीत टाकली.

होळकरांच्या राजवाड्याने जास्त छळलं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, आणि समोर उभं राहिलं की १८ एमएमवरही मान वर करावीच लागते. कॅमेरा वर कलला की वाडा मागे पडायला लागल्यासारखा दिसतो. मला वाटायचं, लेन्स साधी आहे म्हणून. कारण वेगळंच निघालं: सेन्सर भिंतीला समांतर राहिला तरच उभ्या रेषा उभ्या राहतात, कलला की त्या वरच्या बाजूला जवळ येतात. उपाय म्हणजे मागे जायचं, कॅमेरा सरळ धरायचा, खाली नको असलेली जमीन येऊ द्यायची आणि नंतर कापायची. समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्याही मागे जाऊन उभी राहिले, तेव्हा वाडा सरळ उभा राहिला.

इथे आपल्या इंदूरच्याच माणसाची आठवण निघणारच. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि १८७० च्या दशकात फोटोग्राफी सुरू केली ती याच गावात. नकाशे काढणाऱ्याचा हात, त्यामुळे इमारतींच्या फोटोत उभी रेषा म्हणजे उभीच. त्या काळच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात काचेची प्लेट सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता यायची, म्हणजे आम्ही मागे चालत जाऊन जे साधतो ते त्यांना जागेवरच करता येई. हे कळल्यापासून त्यांचे फोटो मी निराळ्या नजरेने बघते. देवळाच्या खांबावर पट्टी ठेवून बघावी इतके ते सरळ आहेत.

राजवाड्यावरच एक्स्पोजरचाही, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा त्याचाही, धडा मिळाला. ५० एमएमने नुसत्या लाकडी खिडक्या घेतल्या तर जुनं काळपट लाकूड धुतल्यासारखं राखाडी आलं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. काळं दाखवलं तर तो उजळवतो, पांढरं दाखवलं तर काळवंडवतो. लाकडाला उणे एक स्टॉप दिला, म्हणजे उजेड निम्मा केला, आणि रंग परत आला.

आता सराफा, ज्यासाठी मी हा महिना राखून ठेवला होता. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात, हे इंदूरकरांना सांगायला नको. पहिल्या रात्री शटर १/२५० सेकंदावर ठेवून सलग फोटो घेतले. घरी बघते तर एक उजळ, पुढचा अंधारा, तिसऱ्यात आडवे तपकिरी पट्टे. कॅमेरा बिघडला असं समजून रात्री झोप लागली नाही. बिघाड नव्हता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण ठोका येतो. माझी ५० एमएम क्रॉप सेन्सरवर ७५ सारखी वागते, म्हणजे हात हलल्याने फोटो पुसट होऊ नये म्हणून शटर १/७५ पेक्षा हळू ठेवायचं नाही. मग १/१०० ठरलं, एफ २.२, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. सराफ्यासाठी हे आता पाठ आहे.

गराडूवाल्याकडे (गराडू म्हणजे तळलेला कंद) चार रात्री गेले. कढईतून तुकडे निघतात, लिंबू पिळलं जातं आणि मग तो चिमटीतून जीरावण मसाला सोडतो. मला ती चिमूट हवी होती. १/१०० ला मसाल्याचे कण गोठत नाहीत, बारीक रेघा होतात, आणि मला त्या तशाच आवडतात. पण तीन रात्रींच्या सगळ्या फोटोंत एकच दोष: वर टांगलेला उघडा बल्ब. नजर आधी बल्बवर जाते, मग चिमटीवर. वहीत तीनदा तेच वाक्य लिहिलंय, "बल्ब कापायला हवा." चौथ्या रात्री कापायच्या ऐवजी मी स्वतःच सरकले, इतकी की बल्ब त्याच्या खांद्याआड गेला. आणि तोच बल्ब कामाला आला. मागून उजेड आल्यावर गराडूची वाफ पेटल्यासारखी दिसली, बोटांच्या कडेला सोनेरी रेघ आली आणि मसाल्याचा कण न् कण वेगळा झाला. अकरांतला हा एक.

त्याच रात्रीने एक सकाळही घालवली. दुसऱ्या दिवशी पहाटे सिरपूर तलावावर गेले. तिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, २०२२ मध्ये तलाव रामसर यादीतही आला. आयएसओ तसाच ३२०० वर राहिलेला. दीडशे फोटो, सगळ्यांवर रवा पसरल्यासारखे दाणे. आता कॅमेरा पिशवीत ठेवण्याआधी आयएसओ १०० वर आणते, सांडशी जागेवर ठेवावी तसं.

शेवटचं, आजीचं. डिसेंबरात ती खिडकीशी मटार सोलत बसली होती. नवीन लेन्स, म्हणून मी हौसेने एफ १.८ वर एक मीटरवरून फोटो घेतला. तेवढ्या अंतरावर जेमतेम तीन सेंटिमीटर जागा स्पष्ट येते आणि फोकस पडला तिच्या अंगठ्यावर. चेहरा पुसट. पांढरी साडी मीटरने राखाडी केलेली. मी तेव्हाच "बाद" लिहून पान उलटलं.

मागच्या आठवड्यात जुनी फोल्डरं चाळताना तो परत समोर आला. रॉमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) उजेड एक स्टॉपने वाढवला, साडी पांढरी झाली. कडांवर बोट फिरवलं, कुठेच अडलं नाही. शेंग उघडणारा अंगठा, नखाखाली गेलेली हिरवी साल, मागे खिडकीचा उजेड. चेहरा पुसट आहेच, आणि तो अकरांत घ्यायचा की नाही हे माझं ठरेना. प्रिंट काढून तिलाच दाखवली. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली.

"अगं, हे तर माझ्या आईचे हात," म्हणाली.

प्रिंट तिने दिली नाही, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिली. वहीत अजून अकराच लिहिलेले आहेत. रंगपंचमीच्या गेरीसाठी (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी) कॅमेऱ्याला प्लास्टिक कसं गुंडाळायचं ते या रविवारी काकांकडून शिकायचं आहे.