ती झोपलीये, नंतर फोन करा

आज 12 मे, परिचारिका दिन, आणि सकाळपासून हिचा फोन नुसता वाजतोय. ही म्हणजे माझी बायको, नर्स आहे, या आठवड्यात नाइट ड्युटी, सकाळी आली ती बॅग दारातच टाकून आंघोळ केली आणि आडवी झाली. सगळे प्रेमानेच फोन करतायत, पण त्यासाठी तिला उठवायचं? दुसरीतल्या आमच्या लेकीने बेडरूमच्या दारावर वहीचं पान चिकटवलंय, "आई झोपली आहे हळू बोला", त्यातला ळू एवढा मोठा झालाय की "बोला"ला जागाच उरली नाही, ते कडेने खाली उतरलंय.

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हिचं काम नेमकं काय असतं हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं, बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरी आणल्यावर हिने आधी एक वही घेतली आणि रेघा मारल्या: वेळ, पाणी किती पाजलं, लघवी किती झाली, कोणत्या कुशीवर झोपवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण एकाच जागी भार पडून राहिला की तिथे रक्त पोचत नाही, कातडी मरते आणि जखमा होतात. मी म्हटलं रात्री कशाला, झोपू दे ना त्यांना. तर म्हणाली, "कातडीला रात्र कळत नाही रे."

एक रात्र मी घेतली. दोनचा अलार्म, चारचा अलार्म. चारला बाबांच्या पाठीखाली हात घातला तर हलवता येईना, मग तीच उठून आली आणि दाखवलं, आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा आणि कंबर धरून एकदम आपल्याकडे वळवायचं, ओढायचं नाही, कातडी घासते. आणि हात लावायच्या आधी बाबांना सांगायची, "बाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं." ते काही उत्तर देऊ शकत नव्हते, तरी दर वेळी सांगायची. वॉर्डात एका रात्री असे किती जण असतात गं तुझ्याकडे, हे मी त्या पहाटे पहिल्यांदा विचारलं. नऊ वर्षांनी.

आजचा दिवस आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, 1820 चा. सगळ्या मेसेजमध्ये रात्री जखमींना बघत फिरतानाचा त्यांच्या हातातला दिवा दिसतो, मला मात्र त्यांचे आकडे जास्त जवळचे वाटतात. 1854 मध्ये त्या क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी हॉस्पिटलात गेल्या, तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, टायफस, जुलाब यांनीच जास्त मरत होते, पुढच्या वर्षी गटारं साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू खूप कमी झाले, मग परतल्यावर त्यांनी कोण कशाने गेलं याचे हिशोब लावून 1858 मध्ये तक्ते छापले. म्हणजे बाईंकडेही एक वही होतीच. रेघा मारलेली.

म्हणून नर्स म्हणजे देवदूत वगैरे जे म्हणतात ते मला पटत नाही. देवदूत म्हटलं की तिला सुट्टी मागायची चोरी होते, थकले म्हणायची पण. माझी बायको थकते, तिच्या पोटऱ्यांना गोळे येतात, कधी पेशंट गेला की घरी येऊन कोणाशी बोलत नाही आणि आम्हीही त्या दिवशी काही विचारत नाही.

काल रात्री निघताना मी विचारलं, उद्या तुझा दिवस, काय हवंय तुला? चपला घालता घालता म्हणाली, "दोन वाजेपर्यंत माझा फोन तुझ्याकडे ठेव."

हे लिहीपर्यंत सात कॉल घेतलेत, प्रत्येकाला सांगितलं की झोपलीये, उठली की नक्की सांगतो. नावं लेक लिहून घेतेय, वहीत, वेळेसकट.