पीसीओडी असलेल्या बाईने टेस्ट ट्यूबआधी काय विचारावे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत लग्नाला दोनतीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की पहिली तपासणी सुनेची होते आणि सोनोग्राफीच्या अहवालात ‘पीसीओडी’ (अंडाशयात बीज नीट न पिकण्याचा विकार) दिसले की घरात थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या खर्चाची चर्चा सुरू होते. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत हेच घडले आणि नवऱ्याच्या वीर्याची साधी, स्वस्त तपासणी कोणी सुचवलीच नाही, याचा मला आजही राग येतो.

या विकारात स्त्रीबीजांचा तुटवडा नसतो. शरीरात इन्सुलिन वाढल्याने अंडाशयात पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात आणि बीज पूर्ण पिकून बाहेर पडत नाही. म्हणून गर्भनलिका मोकळ्या असतील आणि नवऱ्याचा अहवाल ठीक असेल, तर पहिला उपचार म्हणजे बीज पिकवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 750 स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के, तर जुन्या क्लोमिफीनवर 19.1 टक्के स्त्रियांना मूल झाले. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी आली होती; ती पुढे उठली.

वजन जास्त असेल तर ते थोडे कमी झाल्यानेही पाळी सुधारू शकते. पण दिवसभर कापूस वेचणाऱ्या सडपातळ बाईला ‘वजन कमी कर’ एवढेच सांगून परत पाठवणे हा उपचार नव्हे.

गोळ्यांनी यश आले नाही आणि टेस्ट ट्यूबची वेळ आलीच, तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सुरक्षिततेचा प्रश्न. पीसीओडीत बीजे वाढवण्याच्या इंजेक्शनांनी एकाच वेळी खूप बीजे वाढतात, आणि त्यानंतर पोटात पाणी साचणे, दम लागणे, लघवी कमी होणे असा गंभीर त्रास उद्भवू शकतो. शहरातली बाई तासाभरात दवाखान्यात पोहोचते, परंतु केंद्र नागपूरला, घर पांढरकवड्याच्या पलीकडे आणि रात्री वाहन नाही, अशा ठिकाणी तोच त्रास जिवावर बेतू शकतो. म्हणून हा धोका कमी करणारी अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी सुटू नये म्हणून मधल्या दिवसांत औषध देण्याची) वापरणार का, बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन एचसीजी या संप्रेरकाऐवजी अ‍ॅगोनिस्टचे (शरीराला स्वतःचे संप्रेरक सोडायला लावणाऱ्या औषधाचे) देता येईल का, आणि सर्व भ्रूण गोठवून पुढच्या पाळीच्या चक्रात एकच गर्भाशयात सोडता येईल का, हे आधीच विचारावे. चीनमधील 1508 स्त्रियांच्या 2016 सालच्या चाचणीत गोठवलेल्या भ्रूणांनी 49.3 टक्के, तर ताज्या भ्रूणांनी 42.0 टक्के स्त्रियांना मूल झाले. हा त्रास मात्र 7.1 वरून 1.3 टक्क्यांवर आला. माझ्या मते, ज्या घरापासून दवाखाना दूर आहे, त्या घरासाठी गोठवण्याचा जास्तीचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

गर्भ राहण्याआधी साखर, थायरॉईड आणि रक्तदाब तपासून घ्यावा आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे, कारण पीसीओडीत गरोदरपणी मधुमेहाचा धोका अधिक असतो. इंजेक्शने सुरू होताच केंद्राचा रात्रीचा फोन क्रमांक आणि फाईलची एक प्रत गावातल्या आशाताईंकडे देऊन ठेवावी.