पावडरचा डबा

मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली, आणि माजघरात कोणीतरी कोणाच्या तरी उघड्या पाठीवर पावडर फासतंय. पाठ आधीच घामाने निथळतेय. पाच मिनिटांत पावडरचा लगदा, मानेच्या वळीत पांढऱ्या रेघा, आणि घामोळ्यावर इलाज झाला म्हणून डबा फडताळात.

घामोळं म्हणजे घामाच्या बारीक नळ्यांची तोंडं बुजणं. घाम आतच झिरपतो, पुटकुळ्या येतात, टोचतं. त्यावर लगदा लिंपायचा म्हणजे तुंबलेल्या मोरीत राख ओतायची. नागपुरात पारा ४५ गाठतो, रत्नागिरीत बहुधा ३५च्या आतच असतो. पण नागपुरात घाम वाळतो, इथल्या कोकणच्या दमट हवेत तो अंगावरच मुक्काम करतो.

म्हणून लावण्याआधी काढायचं बघावं. आधी नायलॉनचा कपडा काढावा. खोबरेलही नको, आजी कितीही म्हणाली तरी. दोन वेळा गार पाण्याने आंघोळ, साबण एकदाच. अंग खसाखसा न पुसता टिपायचं आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या पंचावर उघडंच पडायचं. फारच चावलं तर कॅलामाइन लोशन, बाटली हलवून, पातळ हाताने. पावडर हवीच असेल तर अंग पुरतं कोरडं झाल्यावर, चिमूटभर, तळहातावर घेऊन. तान्ह्या बाळावर डबा झटकू नये, पावडर छातीत जाते. दोन-चार दिवसांत घामोळं बसतं. पू धरला किंवा ताप आला तर मात्र डॉक्टर गाठावा.

ओठांच्या कडेला पुरळ उठलं की ‘आंबा उष्ण पडला’ म्हणतात. उष्ण कसला, चीक लागलेला असतो! आंबा, काजू, बिबा, सगळे एकाच कुळातले. बिबा उततो तसा काहींना आंब्याचा चीकही उततो. देठ काढून चीक निथळू द्यावा, आंबा धुवावा, साल दातांनी सोलू नये.

पहिल्या पावसात भिजलं की घामोळी जातात म्हणे. जातातही. गुण पाण्याचा की उतरलेल्या पाऱ्याचा, कोण विचारतंय? पण लावणी सुरू झाली की चिखल्या हजर, त्याही बहुतेक करंगळीच्या बेचक्यात, कारण पाय पुसताना तीच जागा राहते. तिथे कोरडेपणा आणि क्लोट्रिमाझोलचं बुरशी मारणारं मलम, दिवसातून दोनदा, बरं वाटल्यावरही आठवडा-दोन आठवडे. दुकानात नुसती ‘खाजेची ट्यूब’ मागू नये. तीत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, आणि खाली गजकर्ण मांडीभर पसरत राहतं.