स्पेसशिपचा कॉरिडॉर आणि नऊ दिवस : माझा अनुभव

माझ्या गेममधल्या स्पेसशिपचा कॉरिडॉर थ्रीडीत मॉडेल करायला दोन दिवस लागले, मटेरियल्स त्यातच एका संध्याकाळी उरकली, आणि लाइटिंग काय तासाभरात करून टाकू म्हणून बसलो त्याला पुढचे सात दिवस गेले. त्या सातातले पाच एका भिंतीत गेले. एकाच भिंतीत! अजून राग गेलेला नाही त्यामुळे हे जरा वाकडंतिकडं लिहिलं जाईल, सांभाळून घ्या.

सीन साधाच होता. अंतराळयानातला लांब कॉरिडॉर, एका टोकाला बंद दार, दुसऱ्या टोकाला कंट्रोल रूम, छतात उजेडाच्या पट्ट्या, गुळगुळीत फरशी. दोन्ही बाजूंना 14-14 भिंतीचे पॅनल, प्रत्येक 4 मीटरचा, एकाला एक चिकटवलेला. अनरियल 4.27 या गेम इंजिनमध्ये. आता लोक विचारणारच की लुमेन (गेम चालू असतानाच उजेड मोजणारी अनरियल 5 ची सोय) वापर ना, बेक कशाला करतोस, 2022 च्या एप्रिलमध्ये अनरियल 5 आलं तेव्हापासून हे ऐकतोय. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं, गेम साध्या मशीनवर पळायला हवा, आणि त्या कॉरिडॉरमधलं काहीच हलत नाही. ज्या भिंती जागच्या हलणार नाहीत त्यांचा उजेड दर फ्रेमला नव्याने मोजायचा कशाला, एकदाच मोजून लाइटमॅप नावाच्या चित्रात भाजून (म्हणजे बेक करून) ठेवायचा की झालं. निर्णय बरोबरच होता, आजही तेच करेन.

पहिला बेक प्रिव्ह्यू, म्हणजे कच्च्या क्वालिटीवर केला, नऊ मिनिटं. बघतो तर भिंतीला ठिगळं लावल्यासारखी दिसतायत. एकच रंग, एकच मटेरियल, पण एक पॅनल किंचित उजळ, शेजारचा किंचित मळकट, आणि मध्ये सरळ उभी रेघ. काही पॅनलवर तर काळे डाग, आणि तेही अशा ठिकाणी जिथे सावली पडायचं काही कारणच नाही. शोधलं तर जिथे जाल तिथे एकच उत्तर, लाइटमॅप रिझोल्यूशन, म्हणजे त्या चित्रातले ठिपके, वाढवा. पैसे देऊन घेतलेल्या एका कोर्सच्या मास्तरांनीही मेसेजला उत्तर म्हणून हेच एक वाक्य पाठवलं. बरं, वाढवलं. 64 चं 256 केलं. रेघ तशीच. 512 केलं. रेघ तशीच, फक्त आता जास्त सुबक. 1024 करून रात्री मशीन चालू ठेवून झोपलो, सकाळी उठलो तर अजून बेक चालूच, दुपारी संपला, आणि काळे डाग इतके रेखीव आले होते की त्यांच्या कडा मोजता आल्या असत्या. वर टेक्स्चर पूल (चित्रांसाठीची मेमरी) भरला म्हणून लाल अक्षरात ओरडा सुरू.

हिशोब आधी केला असता तर झोप तरी लागली असती. 64 गुणिले 64 म्हणजे 4096 ठिपके. 1024 गुणिले 1024 म्हणजे 10,48,576. म्हणजे 256 पट काम, आणि तेही प्रत्येक पॅनलला. पॅनल यूव्हीमध्ये (म्हणजे त्याचे पृष्ठभाग उलगडून सपाट मांडलेल्या नकाशात) पूर्ण पसरला असेल तर 4 मीटरवर 64 म्हणजे एक ठिपका साधारण 6 सेंटीमीटरचा, मऊ उजेडाच्या भिंतीला 128 झालं तरी बास. मी मात्र अर्ध्या सेंटीमीटरहून बारीक ठिपक्यांनी चूक रंगवत बसलो होतो.

मग वाटलं लाइट कमी पडतायत. प्रत्येक पॅनलसमोर एक एक लाइट लावत सुटलो, सगळे स्टेशनरी, म्हणजे जागचे न हलणारे पण गेम चालू असताना प्रखरता बदलता येणारे. थोड्या वेळात लाइटच्या आयकॉनवर लाल फुल्या दिसायला लागल्या. एका जागी सावली टाकणारे चारच स्टेशनरी लाइट एकमेकांवर चढू शकतात, पाचवा आला की तो पूर्ण डायनॅमिक (दर फ्रेमला नव्याने मोजलेली) सावली टाकायला लागतो आणि फ्रेमरेट बसतो. हे मला माहीत होतं हो, नुसतं वाचलेलं नाही, आधीच्या प्रोजेक्टमध्ये भोगलेलं होतं. पण चिडलेला माणूस काय काय विसरतो. शेवटी सगळे काढले, दोन सोडून बाकी स्टॅटिक (पूर्ण भाजलेले) केले.

हे सगळं चालू असताना आणखी एक गंमत. मी लाइटची इंटेन्सिटी दुप्पट करायचो आणि स्क्रीनवर फरकच दिसायचा नाही. परत दुप्पट. परत काही नाही. ऑटो एक्स्पोजर चालू होतं! मी उजेड वाढवला की कॅमेरा आपोआप डोळे मिचकावून घ्यायचा, जैसे थे. तेव्हा लाइटिंगला हात लावायच्या आधी, म्हणजे खरं तर ही टीप सगळ्यात वर हवी होती पण आत्ता आठवली, पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूम (कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज ठेवायचा डबा) टाका, तो अनबाउंड, म्हणजे सगळ्या सीनला लागू, करा, आणि मिन ब्राइटनेस मॅक्स ब्राइटनेस दोन्हीचा आकडा सारखा ठेवा. मगच लाइट. नाहीतर तुम्ही वजन करताय आणि तराजू कोणीतरी हळूच सरकवतंय.

पाचव्या दिवशी एका मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा पहिला प्रश्न, "अरे, बेक झाल्यावर मेसेज लॉग उघडतो, तो वाचलास का?" मी म्हटलं तो कोण वाचतो. तो म्हणाला, "तू वाच." उघडला. पिवळ्या पिवळ्या ओळी, ओव्हरलॅपिंग यूव्ही, ओव्हरलॅपिंग यूव्ही, पॅनलच्या नावासकट. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बेकनंतर ही खिडकी येत होती आणि मी न बघता कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करत होतो. पाच दिवस!

झालं होतं असं. माझे पॅनल ट्रिम शीटवर बनवलेले, म्हणजे एकाच टेक्स्चर पट्टीवर भिंतीचे दहा तुकडे मुद्दाम एकावर एक ठेवलेले, टेक्स्चरसाठी हे एकदम योग्य, त्यातच तर बचत आहे. पण लाइटमॅपला हे चालत नाही. तिथे प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःची वेगळी जागा लागते, कारण वरच्या कडेवर पडलेली सावली त्याच ठिपक्यांत लिहिली जाते आणि त्याच ठिपक्यांवर खालची कड पण बसलेली असेल तर सावली तिथेही उमटणारच. माझे काळे डाग हे असे दुसऱ्याच्या सावल्या होत्या. म्हणून लाइटमॅपसाठी दुसरा यूव्ही चॅनल असतो, इंडेक्स 1 (मोजणी 0 पासून). पहिल्यांदा इम्पोर्ट करताना जनरेट लाइटमॅप यूव्हीजची टिक होती, त्यामुळे तो आपोआप बनला. नंतर मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन काही पॅनलच्या कडा बदलल्या, नवीन नावाने परत आणले, आणि घाईत ती टिक करायची राहिली. 28 पैकी 11 पॅनल इंडेक्स 0 वर, म्हणजे त्या एकावर एक ठेवलेल्या यूव्हीवर, बेक होत होते. म्हणून भिंत निम्मी बरी, निम्मी रोगट. आता यात रिझोल्यूशन वाढवून काय होणार होतं? सांगणाऱ्या एकानेही आधी यूव्ही बघ म्हटलं नाही, ते सोडा, मी तरी कुठे बघितलं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. मेश, म्हणजे पॅनलचं मॉडेल, उघडायचा, बिल्ड सेटिंगमध्ये ती टिक, सोर्स 0, डेस्टिनेशन 1, लाइटमॅप कोऑर्डिनेट इंडेक्स 1, आणि मिन लाइटमॅप रिझोल्यूशनचा आकडा तोच ठेवायचा ज्यावर बेक करणार आहात, कारण तुकड्यांमधली मोकळी जागा त्यावरून ठरते. हाताने यूव्ही लावत असाल तर दोन तुकड्यांत चारेक ठिपक्यांचं अंतर सोडा, लाइटमॅप कॉम्प्रेस होतो तो 4 बाय 4 च्या चौकोनांत, अंतर कमी असेल तर एकाचा रंग दुसऱ्यात झिरपतो. राखाडी भिंतीवर हिरवट-जांभळट पट्टे दिसत असतील तर तेही कॉम्प्रेशनचंच काम, वर्ल्ड सेटिंगमध्ये कॉम्प्रेस लाइटमॅप्स बंद करून एकदा बघा, मेमरी जास्त खातं पण निदान कळतं तरी. आणि लाइटमॅप डेन्सिटी नावाचा व्ह्यू आहे तो रोज उघडा. निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे उधळपट्टी. माझी अख्खी भिंत लाल भडक होती.

डाग गेले. मी नाचलो. मग कॅमेरा जवळ नेला आणि उभी रेघ अजून तिथेच! फिकट झालेली, पण आहे. इथे मात्र माझी चूक नव्हती हे कळल्यावर विचित्र समाधान वाटलं. प्रत्येक पॅनलचा उजेड स्वतंत्रपणे मोजला जातो, दोन शेजाऱ्यांच्या गणितात केसभर फरक राहतोच, आणि सपाट गुळगुळीत भिंतीवर तो केसभर फरक डोळ्याला लगेच टोचतो. क्वालिटी प्रोडक्शनवर नेली, स्टॅटिक लाइटिंग लेव्हल स्केल (आकडा कमी तितका हिशोब बारीक) 1 वरून कमी केलं, फरक आणखी कमी झाला, शून्य काही झाला नाही. चार चार पॅनल मर्ज करून एक लांब भिंत करता येते, केली, त्याने सांधे कमी झाले. उरलेल्या सांध्यांवर सरळ जाड उभ्या खांबासारख्या फासळ्या बसवल्या. बस. रेघ फासळीच्या मागे गेली, सीन उलट जास्त यानासारखा दिसायला लागला. तेव्हापासून कुठल्याही गेममधल्या यानाच्या कॉरिडॉरमध्ये फासळ्या दिसल्या की मला हसू येतं, अच्छा, तुम्हीपण काय.

भिंतीच्या तळाशी उजेडाची एक पातळ रेघ गळत होती, तिचं कारण वेगळं. माझ्या भिंती म्हणजे नुसते एकेरी पत्रे, जाडीच नाही. जाडी दिली, भिंत फरशीच्या थोडी खाली उतरवली, आणि बाहेरून अख्ख्या कॉरिडॉरभोवती मोठे खोके उभे केले. गेममध्ये ते कोणाला दिसत नाहीत. गळती बंद.

यानंतर दोन दिवसांत बाकीचं झालं, त्यातला एक दिवस अंधाराने खाल्ला. सायफाय म्हणून मी भिंतीचा बेस कलर जवळजवळ काळा ठेवला होता, 0.02 च्या आसपास (0 म्हणजे काळा, 1 म्हणजे पांढरा). ही कोळशाची किंमत आहे. अशा भिंतीवर पडलेल्या उजेडातला शंभरातला दोन भाग परत फिरतो, बाकी भिंतीत गडप. मी बाउन्स, म्हणजे उजेडाच्या उड्या, 3 वरून 10 केले आणि काहीच झालं नाही, होणार कसं, पहिल्याच उडीत उजेड मेला होता. बेस कलर 0.12 केला, परत बेक, आणि कॉरिडॉर उघडल्यासारखा झाला. भिंत अजूनही गडदच वाटते, कारण आजूबाजूला पांढऱ्या पट्ट्या आहेत. मटेरियल बघून गोंधळायला होत असेल तर लाइटिंग ओन्ली व्ह्यूमध्ये बसून काम करा, तिथे नुसता उजेड दिसतो.

छतातल्या पट्ट्यांचं सांगायचं राहिलं. पट्टीला एमिसिव्ह (स्वतःच चमकणारं मटेरियल) दिलं की ती चमकते, ब्लूम (भोवतीची धूसर प्रभा) येतो, पण बेकमध्ये ती आपणहून उजेड टाकत नाही, मेशवर यूज एमिसिव्ह फॉर स्टॅटिक लाइटिंग टिक करावं लागतं. केलं, तर बारीक प्रखर पट्ट्यांमुळे छतावर ढगाळ डाग. ते काढून टाकलं आणि प्रत्येक पट्टीखाली त्याच मापाचा रेक्ट लाइट (आयताकृती दिवा) ठेवला. चमक पट्टीची, उजेड लाइटचा, बघणाऱ्याला काय कळतंय.

रंगाचं म्हणाल तर सगळं निळं करायचा मोह आवरा. मी पण केलं होतं, सगळी मटेरियल्स एकसारखी दिसायला लागली, तांबं काय आणि रबर काय. आता लाइट जवळजवळ पांढरे, 7500 केल्विनच्या आसपास, गडद निळा फक्त पट्टीच्या कडेला, आणि कंट्रोल रूमच्या दारापाशी एकच 3200 चा उबदार लाइट. खेळणारा न सांगता तिकडेच चालायला लागतो, तिघांना बसवून बघितलं. मधला एक लाइट मुद्दाम बंद ठेवला, त्याने लांबी जाणवते. बंद ठेवायला मन धजत नव्हतं, एवढे कष्ट करून आलेला उजेड ना.

फरशीत एकदा चक्क आकाश दिसत होतं. यानाच्या आत! रिफ्लेक्शन कॅप्चर (आजूबाजूचं प्रतिबिंब टिपून ठेवणारा) टाकलाच नव्हता, मग फरशीने स्कायलाइटचं आकाश दाखवलं. लांबट चौकोनी जागेला गोल कॅप्चरपेक्षा बॉक्सवाला बरा बसतो. आणि लाइटमास इम्पॉर्टन्स व्हॉल्यूम (बेक करणाऱ्या लाइटमासला कुठे लक्ष द्यायचं ते सांगणारा खोका) खेळाच्या जागेभोवती घट्ट बसवा, माझा इतका ऐसपैस होता की बेकचा वेळ बाहेरच्या पोकळीवर जात होता.

शेवटचा बेक 128 वर केला, फरशी तेवढी 256. प्रोडक्शन क्वालिटीला पन्नास मिनिटं. मेसेज लॉग उघडला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एक पण पिवळी ओळ नाही. मग दारापासून कंट्रोल रूमपर्यंत सावकाश चालत गेलो. डावीकडे तिसऱ्या आणि चौथ्या फासळीच्या मध्ये जमिनीलगत अजून एक पुसट रेघ दिसते, कोपरा जरासा तिरका धरला तरच. तिथे मी एक पेटी ठेवली आहे.