भोगवटा प्रमाणपत्राची झेरॉक्स

आज धाकट्या भावासोबत वाकडला एक 'तयार' फ्लॅट पाहून आलो. विक्री प्रतिनिधीने नमुना सदनिकेतला सोफा दाखवण्यात अर्धा तास घालवला. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहण्यायोग्य झाल्याचा पालिकेचा दाखला) मागितल्यावर मात्र त्याने प्लॅस्टिकच्या फाइलमधून जी झेरॉक्स काढली, ती निव्वळ बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची निघाली. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तिथेच उभ्याउभ्या नोंदणी क्रमांक टाकून पाहिला, तर माहितीपत्रकातल्या ९१० चौरस फुटांपैकी चटई क्षेत्र, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, जेमतेम ६४० होते. वर टोकन म्हणून २० टक्के मागत होते (तेही हसतमुखाने!), वास्तविक २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. सातबारा आणि जमिनीच्या मालकीच्या शोध अहवालापर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही. परतताना भाऊ गप्प होता. त्याला बाल्कनी फार आवडली होती.